हिम म्हणजे ह्यांना

लालबाग, ६ फेब्रुवारी

ती. लतिकाताईस,
धाकट्या सीमाचा शि. सा. न. वि. वि.

कान कसे आहेत विचारत नाही. बोलून विचारलं तर तुला ऐकू येत नाही, आणि लिहून विचारलं तर चिडतेस. मोबाइलवरची अक्षरं तुला मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून लालबाग ते गिरगाव हा आपला पत्रव्यवहार! मीराबाई तुझ्याकडे पोळ्या करायला निघाल्या की त्यांच्या पिशवीत माझं पत्र.

तर बाईसाहेब, शिकवणी हवी आहे. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलंस, आता बहिणीला शिकव. टोरंटोच्या आमच्या सूनबाईला, हॅनाला, मराठीचा गंध नाही. मधे दुभाषा म्हणून स्वप्नील. सासू-सुनेच्या मधे मुलगा दुभाषा म्हटल्यावर निम्मं तो गाळणारच! मला तिच्याशी सरळ बोलायचंय. काल 'मी ह्यांना आधीच सांगितलंय' हे मी 'आय हॅव देम ऑलरेडी टोल्ड' असं लिहिलं. नवऱ्याला एकेरी कसं लिहायचं, म्हणून देम. ह्यांनी ते गॅलरीत उभं राहून अख्ख्या मजल्याला वाचून दाखवलं. सगळे हसले. मीही हसले, काय करणार.

ह्यांचा मूतखडा उचल खातोय, पण हॉस्पिटलचं नाव काढलं की ताट भिरकावतात. परवाचं वरण भिंतीवरून तीनदा पुसलं, डाग जात नाही. मला हल्ली एका जागी बसवत नाही गं. उगाच स्वयंपाकघर ते गॅलरी फिरत राहते.

लोभ आहेच, तो चिडचिडीसकट राहू दे.
तुझी
सीमा


गिरगाव, ७ फेब्रुवारी

चि. सौ. सीमास अनेक आशीर्वाद.

'देम' वाचून कपाळावर हात मारला. अगं, इंग्रजीत अहोजाहो नाहीच. नवरा असो की पोस्टमन, एकटा पुरुष म्हणजे हिम! दुसरं म्हणजे, आपलं 'ह्यांना' क्रियापदाच्या आधी येतं, त्यांचं हिम क्रियापदाच्या मागून. टोल्ड हिम. त्या दोघांच्या मधे कुणाला शिरू द्यायचं नाही. ऑलरेडी, जस्ट, नेव्हर, फायनली ही मंडळी हॅवच्या शेजारी बसवायची. आय हॅव ऑलरेडी टोल्ड हिम. दहा वेळा लिही.

आणि हॅव उगाच लावू नकोस. 'आय लॉस्ट द की' म्हणजे किल्ली हरवली होती, नंतर सापडलीही असेल. 'आय हॅव लॉस्ट द की' म्हणजे बाई अजून दाराबाहेर उभी आहे. गोष्ट होऊन गेली, पण तिचा परिणाम अजून चालू आहे, तेव्हाच हॅव.

हितेंद्ररावांना म्हणावं, मुकाट्याने भरती व्हा. डागावर चुन्याचा एक हात मार म्हणजे दिसणार नाही. आणि फिरतेस कसली, जरा स्वस्थ बस.

अभ्यास कर आणि आठवण ठेव.
तुझी
ताई


लालबाग, १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

मोठा घोळ झालाय. शांतपणे वाच.

शनिवारी कळा असह्य झाल्या, तेव्हा कुठे हे तयार झाले. ह्यांना मी आणि धाकटे दीर अभय शीवच्या हॉस्पिटलात घेऊन गेलो. अभयभाऊजी तिथेच थांबले, मी घरी आले. हॅनाला कळवायचं होतं की एकदाचं ह्यांना हॉस्पिटलात सोडून आले. तुझा नियम डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं, 'आय हॅव फायनली लेफ्ट हिम.' फायनली हॅवच्या शेजारी, हिम शेवटी, मधे कुणी नाही. खाली लिहिलं की मी मजेत आहे, काळजी नको. हॉस्पिटल लिहायचं राहूनच गेलं.

लगेच तिचं उत्तर आलं. ते वाचताना तीनदा शब्दकोश उघडावा लागला. तिला वाटलं, मी नवरा सोडला! तिने लिहिलंय की ती वाचून रडली. मी केलं ते बरोबर केलं, फार आधी करायला हवं होतं. ताट आपटल्याचा आवाज आला की स्वप्नील पलंगाखाली जाऊन बसायचा, हे त्याने तिला सांगितलंय. मला कधीच नाही बोलला गं. त्यांच्याकडे खोली तयार आहे, कधीही या, असंही लिहिलंय. मला ती ब्रेव्ह म्हणाली.

मग स्वप्नीलचा फोन आला. मी त्याला खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे तसं काही नाही तर. त्याचा आवाज इतका पडला की मलाच अपराधी वाटलं.

हॅनाला मी अजून दुरुस्ती पाठवलेली नाही. मोबाइल उचलते आणि ठेवते. ताई, हे घरात नाहीत तर परवा मी बांगड्याचं तिखलं गरम गरम खाल्लं, दाराकडे कान न लावता. इतकं साधं सुख, आणि मला रडू फुटलं. आता हे घरी येणार या विचाराने छातीत धडधडतंय. काय करू?

वाट बघते.
सीमा


गिरगाव, १३ फेब्रुवारी

चि. सौ. सीमास आशीर्वाद.

काय करू म्हणून काय विचारतेस! आधी दुरुस्ती पाठव. 'आय हॅव ड्रॉप्ड हिम ॲट द हॉस्पिटल.' जसंच्या तसं उतरवून घे. आपलं सोडणं दोन्हीकडे चालतं, त्यांचं लेफ्ट चालत नाही. परक्या मुलीपुढे घरची शोभा नको. माणूस आजारी आहे, उतारवय आहे, आता या वयात कसला विचार करतेस? सगळ्यांच्याच घरी थोडंफार असतं.

स्वतःला जप.
ताई


लालबाग, १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र वाचून राग आला, स्पष्टच सांगते. मी भिंतीवरचं वरण लिहिलं, तू चुना सांगितलास. मी धडधड लिहिली, तू वाक्य सुधारून दिलंस. मी व्याकरण विचारत नव्हते गं!

ह्यांचा खडा निघाला. चालतात, फिरतात, उद्या डिस्चार्ज. आज मी गेले तर हे शेजारच्या पेशंटला माझं 'देम' रंगवून सांगत होते. मनाशी ठरवून आलेच होते, ते तिथे पक्कं झालं. मी म्हटलं, उद्या अभयभाऊजी तुम्हाला वरळीला वन्संकडे नेतील. राधाबाई वन्सं हो म्हणाल्यात, मी विचारून आलेय. मी यापुढे तुमच्याबरोबर राहणार नाही. एका दमात सगळं बोलले. ह्यांना आधी हसू आलं. म्हणाले, जाशील कुठे, तुझ्या त्या इंग्रजीवर? मी म्हटलं, आधी ताईकडे, व्हिसा झाला की टोरंटोला. तेव्हा पाण्याचा ग्लास भिरकावला. सगळा वॉर्ड बघत होता. मी वाकले नाही, पाणी पुसलं नाही, सरळ जिना उतरले.

हॅनाला दुरुस्ती पाठवणार नाही. आता मराठीत लिहून बघते. मी त्याला सोडलंय. बघ, 'त्याला' लिहिलं. पहिल्यांदाच, आणि हात अडला नाही.

उद्या संध्याकाळी एक बॅग घेऊन येते. नको असेन तर आजच मीराबाईंकडे तसं सांग, मी दुसरीकडे बघेन.
सीमा


गिरगाव, १६ फेब्रुवारी

चि. सीमास,

'सौ.' लिहायला पेन टेकवलं होतं, उचललं. मीराबाई दारात खोळंबल्या आहेत, म्हणून थोडक्यात.

तुझं वाक्य पुन्हा तपासलं. हॅव हवंच होतं, फायनलीही जागच्या जागी होतं. माझीच दुरुस्ती चुकली. तू माझी सख्खी बहीण, आणि तुझं म्हणणं तिकडच्या पोरीला माझ्याआधी कळलं.

उद्या दार वाजवत उभी राहू नकोस, मला ऐकू येणार नाही. मीराबाईंबरोबर किल्ली पाठवली आहे. उघड आणि आत ये.

तुझी
ताई