माझ्या कातडीचं विरजण

ता. २
आले बाई एकदाची. माझं गाठोडं नातीने उचललं, तिची छत्री मी. दोन खोल्या आहेत, तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर एवढंसं, की हातातून भांडं निसटलं तरी खाली पडायला जागा नाही. खिडकीतून समोरच तिचं विद्यापीठ दिसतं. मुलगा म्हणाला, पोरगी अभ्यासात जेवायचं विसरते, तू जाऊन राहा. सुनेने माझं गाठोडं दोन दिवस आधीच बांधलं होतं. ही वही नातीने दिली. म्हणाली, आजी, दिवसभर टोमणे कुणाला मारशील, हिला मार. मी चौथी पास. चुका दिसल्या तर वाचणाऱ्याने डोळे मिटावेत.

ता. ५
नात शिकते ती जनुकं. म्हणजे बापाचं नाक पोराला कसं येतं ते. मी म्हटलं, हे तर बाळ बघायला आलेल्या बायका फुकट सांगतात. खो खो हसली.
तिच्या प्रयोगशाळेत गेले. तिच्या मॅडमनी माझ्या दंडाची मसुराएवढी कातडी काढली, नातीच्याही. म्हातारी कातडी कशी वाढते, तरणी कशी, ते नात बघणार. दोघींच्या दोन चपट्या बाटल्या. आत गुलाबी पाणी, आणि ठेवायला अंगाच्या उबेचं कपाट. पेशी तळाला चिकटून वाढतात. बाटली भरली की त्यातलं थोडं नव्या बाटलीत घालायचं. मी म्हटलं, विरजणच की! नात म्हणाली, अगदी तेच. तिच्या थोड्या पेशी बोटाएवढ्या कुपीत गोठवून ठेवल्यात. बाटली नासली तर त्यातून पुन्हा उभ्या करता येतात.

ता. ११
डबा द्यायला गेले. नात नळीने गुलाबी पाणी घालत होती. दर वेळी नळीचं प्लॅस्टिकचं टोक फेकायचं, नवं लावायचं. टोपली भरली होती. मी म्हटलं, बापाने कारखाना काढलाय का गं टोकांचा? म्हणाली, आजी, एका बाटलीतलं दुसरीत जाता कामा नये. मी म्हटलं, आजी-नातीत कसली उष्टीखरकटी? शेजारच्या पोरी फिदीफिदी हसल्या. नात लाल झाली. मग एकाच टोकाने आधी माझ्या, मग तिच्या बाटलीत पाणी घातलं.

ता. १९
नातीची बाटली रडतखडत वाढायची, ती एकदम फोफावली. मॅडम चकित. नात खूश.
घरी तिने गाळलेली चहापत्ती पुन्हा उकळायला ठेवली. म्हटलं, आली अक्कल. मग जिना चढताना डावा गुडघा धरून कण्हली, अगदी माझ्यासारखी. नक्कल करते म्हणून पाठीत धपका घातला. पण ती नक्कल करत नव्हती.

ता. २३
मॅडमनी दोन्ही बाटल्यांचा डीएनए तपासला. दोन्हीत मीच. नातीच्या बाटलीत नातीची एकही पेशी उरली नाही. मॅडम म्हणाल्या, या वयाच्या पेशी थकायला हव्यात, पण तुमच्या हावरट आहेत, दुसऱ्याला जागाच देत नाहीत. सून वीस वर्षं हेच सांगतेय. लिहिताना हसू येईल वाटलं होतं. आलं नाही.
संध्याकाळी नातीने चहा बशीत ओतून फुंकला. म्हणाली, बये, दार लोट, वारं येतंय.
बये मी तिला म्हणते. ती मला नाही.

ता. २६
तिच्या कानशिलापाशी पांढरी बट. दंडावर देवीच्या लशीचा वण. ही लस तिच्या आईलासुद्धा कधी टोचली नाही.
भाजी निवडताना नात सहज म्हणाली, धाकटी विहिरीत पडली तेव्हा मी निळं परकर-पोलकं घातलं होतं. धाकटी म्हणजे माझी बहीण. निळं मी घातलं होतं. कुणाला कधी सांगितलं नाही.
सुनेचा फोन आला. नात म्हणाली, सुनेला सांग मी झोपलेय.
स्वतःच्या आईला.

ता. २८
मॅडमकडे गेले. म्हटलं, माझ्या बाटल्या मोरीत ओता, त्या कुपीतून माझी नात पुन्हा वाढवा. त्यांना वाटलं म्हातारीला चळ लागला. म्हणाल्या, कुपी तर काल तीच घेऊन गेली.
धावत घरी. कुपी सापडली. ओट्यावर पालथी, निथळत. साबणाने लखलखीत घासलेली. नात म्हणाली, चांगली झाकणाची आहे, फेकायची कशाला, लवंगा राहतील.
माझी शिकवण. सगळी माझी —

ता. २९
दोन्ही बाटल्या पदराखाली लपवून आणल्या. मोरीशी बसलेय. मी जगून झाले. मी गेले तर तिला जागा होईल —
एकीत फिनेलचा एक थेंब टाकला. मला काही झालं नाही. आतल्या खोलीतून नात किंचाळली. तिच्याच आवाजात. लहानपणी पडली की आजी गं म्हणायची, तसं —
म्हणजे आहे. अजून आहे ती. पण माझ्यातच. मला मारलं तर तीही —
बूच लावलं.

आवाज थांबला. गुडघ्यावर हात दाबत येतेय. दारात उभी आहे. डोळ्यांवर माझा चष्मा. म्हणते, बये, वही आण इकडे, माझं आजचं लिहायचं राहिलंय. मी म्हटलं, वही माझी आहे. हसली. म्हणते, आजी-नातीत कसली उष्टीखर—