ज्यांना ताप होता त्यांची आई

आई, मागच्या आठवड्यात तुझ्या नोकरीच्या गावात जाऊन आले. तू जिथे नर्सबाई होतीस त्या उपकेंद्राला आता रंग दिलाय, बाकी जंगल तेवढंच जवळ आहे. मी तिथे मलेरियाचे जंतू शोधत फिरते. आता झटपट चाचणीची पट्टी असते, बोटातल्या रक्ताचा थेंब टाकला की थोड्याच वेळात रेघ उमटते. पण काही जंतू असे निघतात की पट्टी ज्या प्रथिनावरून त्यांना ओळखते, तेच त्यांच्यात नसतं. माणूस तापाने फणफणलेला आणि पट्टी म्हणते, काही नाही. असे जंतू आपल्या भागात कितपत आहेत ते आम्ही बघतो. या विषयाकडे कशी वळलीस, असं कोणी विचारलं की मी जंगल, गरिबी, आरोग्य असं काहीबाही सांगते. खरं कारण तू आहेस. तुझ्या काळी रक्ताची काचपट्टी तालुक्याला जायची आणि निकाल येईपर्यंत तू पेशंटच्या उशाशी बसून राहायचीस. ही चाचणी तेव्हा असती तर तू शनिवारी घरी आली असतीस, एवढंच माझं म्हणणं.

एक शनिवार डोक्यातून जात नाही. तू मला वडशाला नाटक दाखवणार होतीस. नवा फ्रॉक घालून मी बाबांसोबत आपल्या सावली गावच्या स्टँडवर उभी. शेवटची बस येते, रिकामी होते, तू नाहीस. आलीस ती मंगळवारी. मी पाठ फिरवून बसले तर म्हणालीस, "तुले ताप हाय का? नाई ना? मंग चूप राह्य." गावातल्या एका पोरीचा ताप मेंदूत गेला होता. ती वाचली, हे बाबांना सांगताना तुझा चेहरा काय उजळला होता. मला ती मेली असती तरी चाललं असतं. नंतर कितीतरी दिवस मी झोपताना ताप मागत असे.

ती पोर आता त्याच गावची आशाताई आहे, आणि आमच्या मदतीला तीच होती. माझ्याच वयाची, अंगाने भरलेली, हसरी. मुलाचं बोट धरते, विचारते, "आज काय खाल्ला रे?" आणि तो आठवून सांगेपर्यंत सुई टोचून झालेली असते. म्हणाली, "बाईचंच पाहून शिकली मी. तिच्या मांडीवर पडून राहो ना." तिने सहज सांगितलं आणि माझा तिळपापड झाला. माझं बोट तू असं कधी धरलं नाहीस.

दुपारी ती मला घरी जेवायला घेऊन गेली. त्यांचा नव्या तांदळाचा पंडुम, म्हणजे सण, होता. घरातल्या गेलेल्या माणसांना आधी वाढायचं, मग आपण खायचं. पळसाच्या पानांवर तिने वाटे मांडले, एक जरा बाजूला. त्यावर भात आणि सुकटीची चटणी. "हा बाईचा," ती म्हणाली. "चटणी असली का बाई दोन डाव मागून खाये." आपल्याकडे तुझ्या फोटोपुढे दरवर्षी मेणबत्ती लागते, वंदना होते. तुझ्या आवडीचं काही करावं, हे कुणाच्या मनात येत नाही. घरी तू सगळ्यांना वाढून शेवटी बसायचीस आणि उरलेलं खायचीस. मी तुला काही मागून खाताना पाहिलंच नाही. तिने विचारलं, "घरी काय आवडे तिले?"

मी म्हटलं, "हेच."

तिला बरं वाटलं. म्हणाली, "तू पोरगी हायस, तूच खा तिचा वाटा." मी सगळा खाल्ला, पान पुसून. चटणी तिखटजाळ होती, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचं कारण सांगावं लागलं नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. त्या गावचे नमुने घेऊन झालेत. तरी काही खराब झालेत, पुढच्या आठवड्यात पुन्हा जावं लागेल, असं मी ड्रायव्हरला सांगून ठेवलंय. एकही खराब झालेला नाही. तिच्याजवळ तुझं अजून जे जे आहे, ते मला तिच्याकडून काढून घ्यायचं आहे.