रेडिओवर आई लागली

प्रिय दादा,

आईच्या गाण्याच्या सरावाचं रेकॉर्डिंग बाबांना ऐकवायचं नाही, असं आपलं ठरलं होतं. ती गेल्यापासून ते तिचं नावही काढत नव्हते, म्हणून मलाही ते पटलं होतं.

काल ते गाडीत ऐकावंसं वाटलं. गाडीच्या मूळ रेडिओला वायर जोडायला जागाच नाही, म्हणून लायटरच्या खाचेत बसणारं छोटं यंत्र आणलं. प्लेअर त्याला जोडला, की रेडिओच्या मोकळ्या स्टेशनवर आवाज लागतो. दारातच, काचा वर करून मी आईला लावलं. जवळपासच्या दुसऱ्या रेडिओवरही ती ऐकू येईल, हे डोक्यातच आलं नाही. की आलं होतं? कालपासून स्वतःला हेच विचारतेय.

बाबा पायरीवर ट्रान्झिस्टरचं बटण फिरवत बातम्या शोधत होते. ते उठून थेट गाडीपाशी आले, तेव्हा त्यांच्या हातात आई गात होती.

"दुसऱ्या कडव्याला अजून घाई करते," म्हणत ते शेजारी बसले. जरा वेळाने म्हणाले, "दादाला माहीत आहे?"

"त्याच्याकडेही आहे."

"म्हणजे तुम्ही दोघं चोरून ऐकताय आणि मी इथे बाजारभाव ऐकतोय. शहाणेच आहात."

दादा, किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

हे पत्र मात्र पाठवत नाही. तुला रागवायला ते स्वतः फोन करणार आहेत, आणि तोवर दादाला काही सांगू नकोस, असं मला म्हणालेत.

तुझी,
धाकटी