आईचा मोतीबिंदू आणि चिखलदऱ्याचा खून

राजापेठ, अमरावती

ती. वच्छलाताई,

धाकट्या श्यामने तुझ्या पायांवर डोकं ठेवलं असं समज (कंबर धरली आहे, प्रत्यक्षात जमायचं नाही). भाऊजींचे गुडघे कसे आहेत? अकोल्याचं ऊन सोसतं ना? इकडे सगळं ठीक. मुख्य म्हणजे आईचा उजवा डोळा ठीक. हो, ऑपरेशन झालं! आधी बस, घोटभर पाणी पी. नवा चष्मा येईपर्यंत अकोल्याला कळवायचं नाही, अशी तिनेच शपथ घातली होती. (फोन का नाही केला, ते खाली ता.क.मध्ये.)

तीन वर्षं आपण तिच्या किती विनवण्या केल्या! तिचं एकच पालुपद, "आता मले पाहाचं काय रायलं?" यावर माणूस काय बोलणार? तू बोललीस, मी बोललो, डॉक्टर बोलले. नत्थुजीमामा मूर्तिजापूरहून खास समजवायला आले आणि पुरणपोळी खाऊन गेले. आई ढिम्म. आणि दिवाळीत तू ते लाल पुठ्ठ्याचं रहस्याचं पुस्तक इथे काय विसरलीस, अरे बाप रे!

चिखलदऱ्याचा बंगला, आतून कडी, आत मालक मरून पडलेला. आई भिंग घेऊन ओसरीत बसली ती बसलीच. भाजी निवडणं बंद, भजन बंद, शेजारच्या रुख्मिणीकाकूंशी भांडणसुद्धा बंद (शेवटी काकूच काळजीने पाहायला आल्या). मी थक्क झालो, ताई. कोण कुठला लेखक, त्याने आपल्या आईला ना पाहिलं ना ओळखलं, आणि नुसत्या शाईच्या जोरावर तिला एका जागी बसवून ठेवलं! बाबांना हे जन्मभर जमलं नाही.

पुढे भिंगाचंही चालेना, म्हणून मी वाचून दाखवू लागलो. गोष्टीत सगळे दिवाणखान्यात जमले, इन्स्पेक्टर म्हणाला, "खुनी याच खोलीत आहे," आणि मी पुस्तक मिटलं. म्हटलं, पुढचं तू तुझ्या डोळ्यांनी वाच. त्यावर ती जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मग अबोला. आणि एका सकाळी बघतो तर आंघोळ करून, नवं लुगडं नेसून दारात उभी. "चाल. कुठी आहे तो डॉक्टर?"

पण पुस्तकाची दुसरी बाजूही ऐक. त्यातल्या मालकाला औषधातून विष दिलेलं. त्यामुळे आई दीपमालाच्या हातचा चहासुद्धा हुंगून घ्यायची (बिचारी माझी बायको वीस वर्षं तिला चहा देते आहे!). दवाखान्यात सिस्टर डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब टाकायला आली, तर हिने तिचं मनगटच धरलं. "पयले याच्या डोयात टाक." याच्या म्हणजे माझ्या! पोटच्या पोराच्या! "धडधाकट आहे तो, काई होत नाई त्याले." नाही म्हटलं असतं तर ती तशीच उठून घरी आली असती. सिस्टरने कपाळाला हात लावला आणि टाकला माझ्या दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. मग मी जगतो की जातो, हे बघत आई टक लावून बसली. मी जगलो. (ती जरा हिरमुसल्यासारखी वाटली, पण मला तेव्हा नीट दिसत नव्हतं.) मग ती आत गेली, आणि मी दिवसभर भिंती चाचपडत फिरलो. दोनदा मलाच पेशंट समजून आत नेत होते.

पट्टी निघाली तेव्हा तिने आधी पुस्तक मागितलं. मग माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहत राहिली. "तू म्हातारा झाला रे श्याम," म्हणाली. ताई, माझे केस पांढरे झालेले तिला माहीतच नव्हते गं. मला रडूच आलं.

सर्वांना यथायोग्य सांग.

तुझा,
श्याम

ता.क. माझे केस दिसले तसे दातही दिसले. "हे कायनं लाल झाले?" चष्मा आला त्या दिवशी तिने शेवटची पानं एका बैठकीत वाचली, पुस्तक पेटीत घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडल्याशिवाय पुस्तक मला मिळायचं नाही म्हणे. आणि मी मूर्ख, तिच्यासमोर पुस्तक मिटलं ते खरोखरच मिटलं होतं, पुढचं एक पान चोरून वाचलं नाही! झोप उडाली आहे. तू वाचलं आहेस. खुनी कोण ते एका ओळीत कळव. फोन नको, आईचे कान शाबूत आहेत.

ता.क. २. बाई वच्छले, दीपमालानं पत्र मले वाचाले देल्लं. खुनी कोन ते याले सांगू नोको. चार दिस झाले, यानं खर्रा खाल्ला नाई. हे मी माह्या हातानं लिवून रायली. दुसऱ्या डोयासाठी दुसरं पुस्तक धाड, जाड पाहून. त्याच्यात डॉक्टर नोको. पाहाचं लय रायलं अजून.