चंद्राबाईंच्या डोळ्यांतील पाण्याचे कारण दुरुस्त करून मिळणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
कृष्णाकाठ वृत्तछायाचित्रण प्रशिक्षण केंद्र,
सांगली.

अर्जदार : सौ. त्रिशला धनपाल मगदूम, प्रशिक्षणार्थी, रा. सांगली.

विषय : केंद्राच्या प्रदर्शनात दर्शनी भिंतीवर लावलेल्या 'पुराने पोरकी केलेली माय' या छायाचित्राखालील मजकूर खोटा असल्याने तो बदलणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा यापूर्वीचा अर्ज व त्यावर आपल्या कार्यालयाने मारलेला "चित्र भावनेच्या दृष्टीने खरे आहे" हा शेरा.
२) अर्जदारास ध्वनिचित्रमालेत अनुत्तीर्ण केल्याचे प्रशिक्षक श्री. जयराज माने यांचे पत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करते की, ती जैन कुटुंबातील असून चातुर्मासात काही नियम पाळते. सूर्यास्तानंतर अन्न घेत नाही, पाणी गाळल्याशिवाय पीत नाही, दुपारी बारापर्यंत तिचे मौन असते आणि ती परनिंदा करीत नाही. यांतील शेवटचा नियम या अर्जाच्या आड येऊ नये म्हणून आरंभीच नमूद करते की, पुढील मजकुरात श्री. माने सरांची निंदा आढळल्यास ती निंदा नसून सरांची वागणूक आहे, असे कृपया समजावे.

१. अर्जदार या प्रशिक्षणाकडे वळली याचे कारण साधे आहे. मंदिरातील कार्यक्रमांना येणारे स्टुडिओवाले समोरून असा फ्लॅश मारतात की, फोटोत सगळे श्रावक चोरी करताना सापडल्यासारखे दिसतात. हे आपण नीट शिकून घ्यावे, एवढीच अर्जदाराची इच्छा होती. सरांनी शिकवलेही चांगले, हे कबूल करण्यास अर्जदारास संकोच नाही. उजेड माणसाच्या तोंडावर फेकू नये, छतावर किंवा भिंतीवर मारून परत आणावा, छत नसेल तर पांढऱ्या कापडातून मऊ करून घ्यावा, हे सरांचेच शब्द. अर्जदाराजवळ पाणी गाळण्याचे स्वच्छ कापड होते, ते तिने फ्लॅशवर बांधले. तेव्हा सर भर वर्गात म्हणाले, "बाई, तुमच्यात उजेडसुद्धा गाळून पितात काय?" वर्ग हसला. अर्जदारही हसली, कारण फोटो चांगला आला होता.

२. ऑगस्ट महिन्यात सर सर्व प्रशिक्षणार्थींना 'पुराचे वृत्तांकन' या पाठासाठी वाईच्या घाटावर घेऊन गेले. दुर्दैवाने त्या दिवशी कृष्णामाई आपल्या पात्रातच होती. पायऱ्या कोरड्या, बायका धुणे धूत होत्या, एक म्हैस मन लावून रवंथ करीत होती. नदीचे हे वागणे सरांना मुळीच आवडले नाही. "एवढं डिझेल जाळून आलो आणि पाणी कुठाय?" असे ते नदीकडे बघून म्हणाले. नदीने खुलासा दिला नाही.

३. घाटाच्या पायरीवर श्रीमती चंद्राबाई या वृद्ध बाई एस.टी.ची वाट बघत बसल्या होत्या. त्यांचे गाव मांढरदेवाच्या वाटेवर, उंचावर आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन आठवडाही झाला नव्हता, म्हणून डोळ्यांवर काळा चष्मा होता. डॉक्टरांना डोळा दाखवून त्या परत निघाल्या होत्या. मांडीवर कंदी पेढ्यांचा पुडा होता, कारण त्यांची नात शिवांजली पोलीस भरतीत निवडली गेली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून त्या पेढा देत होत्या. त्यांनी सरांनाही दिला. सरांनी खाल्लाही.

४. यापुढे जे घडले ते अर्जदार आपल्या पदरचे सांगत नाही. ध्वनिचित्रमालेसाठी, म्हणजे आवाजाच्या साथीने एकापाठोपाठ दाखवायच्या छायाचित्रांसाठी, त्या ठिकाणचा खरा आवाज आधी टिपून ठेवावा, असा सरांचा पाठ आहे. त्यासाठीचे यंत्र त्यांनी अर्जदाराच्या हाती दिले व म्हणाले, "बाईंचं बारापर्यंत मौन. यांच्याइतका चांगला माईकचा स्टँड बाजारात मिळणार नाही." ते अगदी खरे निघाले. अर्जदाराचा श्वाससुद्धा मध्ये आलेला नाही. सोबत जोडलेल्या ध्वनिमुद्रणातील संभाषण खाली शब्दशः देत आहे. सुरुवातीस सरांचा आवाज जरा जड येतो, तो पेढ्यामुळे.

सर : आजी, जरा दुःखी दिसा.
चंद्राबाई : दुक्क कशाचं रं बाबा? नात पोलिसात लागलीया माजी.
सर : पुराचं दुःख हो. पूर आला, घर गेलं, असं मनात आणा.
चंद्राबाई : आवं साहेब, आमच्या वस्तीवर पूर यायचा म्हंजे आदी समदी वाई बुडाया पायजे. तवा फोटू काढायला तुमी तरी कुटं ऱ्हाताय?
सर : बरं, तो चष्मा काढा. डोळ्यांशिवाय फोटो म्हणजे मिठाशिवाय आमटी.
चंद्राबाई : न्हाई, न्हाई. डाक्टरांनी लय बजावलंय, उजेडात काढायचा न्हाई.
सर : एका मिनिटाचं काम आहे. मीच काढतो.

त्यानंतर फ्लॅशचा आवाज आहे. मग चंद्राबाईंचा : "आगं आयायाया! डोळं गेलं की माजं!" आणि लगेच सरांचा, अत्यंत आनंदाने : "पाणी आलं! हलू नका आजी, हलू नका. मस्त!"

अर्जदारास मौन असले तरी हाताला नियम नाही. तिने तत्काळ चष्मा उचलून चंद्राबाईंच्या डोळ्यांवर परत ठेवला. ध्वनिमुद्रणात त्यानंतर सर म्हणतात, "बाई, फ्रेममधून हात काढा." बारा वाजल्यावर अर्जदाराने सरांना सांगितले की, हे बरे झाले नाही. सर म्हणाले, "पत्रकारितेत एवढं हळवं होऊन चालत नाही." समोरच्या म्हातारीला हळवे करण्याचे काम मात्र त्यांनी स्वतः, फूटभर अंतरावरून केले होते. छत नव्हते, भिंत नव्हती, कापड तर नव्हतेच.

५. पुढच्या पाठात सरांनी हेच छायाचित्र कातरून दाखवले. मूळ चित्रात खाली पेढ्यांचा पुडा आहे, मागे कोरड्या पायऱ्या आहेत आणि कडेला म्हैस आहे. "पूरग्रस्ताच्या मांडीवर पेढे शोभत नाहीत," असे सांगून सरांनी पुडा उडवला, पायऱ्या उडवल्या व म्हैसही उडवली. आधीचे व नंतरचे अशी दोन्ही चित्रे त्यांनी अभ्यासासाठी सर्वांना दिली. अर्जदाराने तो अभ्यास केला आहे.

शिवाय सरांनी या चित्राची स्वतःची ध्वनिचित्रमाला केली. तीत उदास बासरी आहे व पाठीमागे पुराच्या लोंढ्याचा आवाज आहे. हा लोंढा आपल्या केंद्राच्या मोरीतील बादलीत सोडलेल्या नळाचा आहे. लक्ष देऊन ऐकल्यास मध्ये प्लॅस्टिकचा मग पडल्याचाही आवाज येतो. या मालेस विभागीय स्पर्धेत पारितोषिक मिळाले आणि चित्र मोबाईलवरून गावोगाव गेले.

६. आता मुख्य गोष्ट. चंद्राबाईंना दोन मुलगे आहेत. थोरले नाथाजी घरी शेती करतात व आईला सांभाळतात. धाकटे तानाजी फौजेत आहेत. आपली आई उघड्यावर बसून रडते आहे, हे तानाजींनी चौकीवर, चार सोबत्यांसमोर, मोबाईलवर पाहिले. त्यांनी घरी फोन लावून पहिला प्रश्न केला, "आयेला घराबाहेर काढलंस व्हय रं?" नाथाजींनी शपथा घेतल्या. चंद्राबाई स्वतः बोलल्या. तानाजींचे एकच उत्तर : "फोटूत डोळ्यांत पाणी हाय. ते काय खोटं? दादानं पढवलंय तुला." त्या दिवसापासून दोन भावांचे बोलणे बंद आहे. पुण्याच्या एका मंडळाने चंद्राबाईंच्या पक्क्या, स्लॅबच्या घरी 'पूरग्रस्तांस मदत' म्हणून दोन ब्लँकेटे आणून दिली, ती बघायला सारी आळी गोळा झाली. नाथाजी बाजारात गेले की पाठीमागून लोक विचारतात, "काय नाथाजीराव, आई कुठल्या घाटावर हाय सध्या?" ज्या लेकाने शस्त्रक्रियेनंतर दिवसातून चार वेळा आईच्या डोळ्यांत औषध घातले, त्याला हे ऐकावे लागते. फ्लॅशनंतर डोळा लाल झाला तेव्हा डॉक्टरांची बोलणीही त्यानेच खाल्ली.

अर्जदार चंद्राबाईंच्या घरी दोनदा जाऊन आली आहे. त्यांना पुरस्कार नको, माफी नको. त्या एवढेच म्हणाल्या, "माज्या सांगण्यावर त्याचा इस्वास न्हाई बाई, फोटूवर हाय. मग फोटूलाच खरं बोलाय लावा."

७. अर्जदाराने याच प्रसंगाची स्वतःची ध्वनिचित्रमाला आपल्या परीक्षेसाठी सादर केली. त्या दिवशीचा खरा आवाज, सरांनी दिलेली दोन्ही चित्रे व स्वतः टिपलेली चार. बासरी नाही, बादली नाही. सरांनी ती वर्गात न दाखवता "निवेदनाचा अभाव" असे कारण देऊन अर्जदारास अनुत्तीर्ण केले. याबाबत अर्जदार नम्रपणे निदर्शनास आणते की, निवेदन सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे. ते सरांनीच केले आहे आणि फार स्वाभाविक झाले आहे.

८. आपल्या कार्यालयाचा "भावनेच्या दृष्टीने खरे" हा शेरा अर्जदाराने आदराने वाचला. या न्यायाने एखाद्याच्या पायावर पाय देऊन, त्याचा चेहरा टिपून खाली 'पुत्रवियोग' असे लिहिता येईल. वेदना खरीच असेल. केंद्राने हा विषय अभ्यासक्रमात घ्यावयाचा ठरवल्यास सरांहून योग्य शिक्षक सांगली-साताऱ्यात मिळणार नाही.

९. अर्जदार रोज संध्याकाळी प्रतिक्रमण करते. त्यात सर्व जीवांना क्षमा करावयाची असते. मुंगी, डास, घरात शिरलेला विंचू इथपर्यंत ती सहज येते. गेले काही दिवस सरांपाशी अडते. हे अर्जदाराच्या साधनेतील वैगुण्य आहे व ते ती दूर करीलच, पण केंद्रानेही थोडा हातभार लावावा.

सबब विनंती की, रविवारच्या उद्घाटनापूर्वी कातरलेले चित्र उतरवून त्या जागी पेढ्यांसह, पायऱ्यांसह व म्हशीसह मूळ चित्र लावावे. त्याखाली पुढील मजकूर असावा : "नातीच्या निवडीचे पेढे वाटताना श्रीमती चंद्राबाई. डोळ्यांतील पाणी शस्त्रक्रियेनंतर समोरून मारलेल्या फ्लॅशमुळे. घर सुरक्षित, मुलगे कर्तबगार. छायाचित्र : जयराज माने." सरांचे नाव गाळू नये. श्रेय ज्याचे त्याला मिळावे. शेजारी अर्जदाराची ध्वनिचित्रमाला ऐकण्याची सोय करावी. गुण वाढवून नकोत, प्रमाणपत्रही नको.

तानाजी दिवाळीच्या रजेवर आले आहेत. एका घरात राहून दोघे भाऊ वेगवेगळ्या वेळी जेवतात. रविवारी चंद्राबाई त्या दोघांना घेऊन प्रदर्शनास येणार आहेत. "घरात बोलत न्हाईसा तर नगा बोलू, तितं गप उबं ऱ्हाऊन कानानं तरी ऐका," असे त्यांनी दोघांनाही बजावले आहे. डोळा आता बरा आहे, चष्मा सुटला आहे आणि आपले चित्र त्या प्रथमच मोठे पाहणार आहेत. पाहुण्यांच्या हस्ते सरांचा सत्कार होईल तेव्हा त्या पहिल्याच रांगेत असतील.

उद्घाटन सकाळी अकरा वाजता आहे. चातुर्मास अजून संपलेला नाही, त्यामुळे त्या वेळी अर्जदार एक अक्षरही बोलणार नाही, याबद्दल कार्यालयाने निश्चिंत असावे. चंद्राबाईंचे मात्र मौन नाही.

आपली, नियमाने नम्र,

सौ. त्रिशला धनपाल मगदूम

सांगली, दि. २४ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) घाटावरील संपूर्ण ध्वनिमुद्रण व अर्जदाराची ध्वनिचित्रमाला.
२) मूळ चित्र व कातरलेले चित्र, सरांनी अभ्यासासाठी दिलेले.
३) डॉक्टरांची चिठ्ठी.
४) ब्लँकेटे दोन, घडी न मोडलेली. चंद्राबाईंकडून परत. केंद्रात कोणी पूरग्रस्त असल्यास द्यावीत.
५) पाणी गाळण्याचे पांढरे कापड एक, स्वच्छ धुतलेले. सरांच्या फ्लॅशसाठी. परत करू नये.