उतारशाळेत जागा

प्रिय चिमणे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. अक्षर वेडंवाकडं दिसेल. सकाळपासून जिवाला थारा नाही. आठवा महिना लागला ना तुला? पायांवर सूज आहे का? रात्री उशाशी पाणी ठेवतेस का? तिथं हाकेला ओ देणारं कुणी नाही, हे आठवलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

चर्चमधला गव्हाणीचा देखावा यंदाही माझ्याच गळ्यात पडला आहे. पुतळे धुऊन जेवणाच्या टेबलावर वाळत ठेवलेत. एका मेंढराचा कान गेलाय, मरीयेच्या निळ्या ओढणीचे पोपडे निघालेत. ती रंगवताना पहिल्यांदाच मनात आलं, या पोरीला शेजारणी काय काय बोलल्या असतील? शाळेत सिस्टरांनी आम्हाला देवदूत सांगितला, तारा सांगितला. शेजारणी नाही सांगितल्या.

आणि तुझी ती उतारशाळा. ‘मरीया-योसेफाला उतारशाळेत जागा नव्हती’ हे वचन वाचलं की तू विचारायचीस, ती उतारावरची शाळा का? वाटसरूंनी उतरायची धर्मशाळा, हे तुला कुठलं ठाऊक; जागा नव्हती म्हणजे प्रवेश मिळाला नाही, अशी तुझी समजूत. बाबा शाळेत क्लार्क, दरवर्षी प्रवेशाच्या टेबलावर बसणारे. तू ठणकावून सांगितलंस, ‘मग त्यांनी आमच्या बाबांकडे यायचं. बाबा कुठूनतरी एक बाक काढतातच.’ निवृत्त होईपर्यंत हे त्यांनी प्रत्येक पाहुण्याला ऐकवलं.

परवा तुझा विषय निघाला. लग्नावाचून दिवस गेलेली लेक, लोक काय म्हणतील, बाबांचं तेच पालुपद. मी म्हटलं, शिवणाची खोली रिकामी करते. ते म्हणाले, ‘या घरात जागा नाही.’ म्हणाले आणि स्वतःचेच शब्द कानावर पडल्यासारखे थबकले. चपला घालून भाजी आणायला गेले, ते रिकामी पिशवी घेऊन परत आले. तेव्हापासून अबोला.

शुभवर्तमानात योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही. मरीयेला लग्नाआधीच दिवस गेलेत हे कळल्यावर त्यालाही आधी तिला गुपचूप सोडून द्यायचं होतं. झोपेत स्वप्न पडलं आणि उठला तो निराळाच माणूस होऊन. पण बाबांना झोपच लागत नाही गं, नुसते कूस बदलत राहतात. स्वप्न पडणार कधी?

बाळंतपण काही कुणाच्या स्वप्नासाठी खोळंबत नाही. म्हणून लिहिते आहे: पुढच्या शुक्रवारी सकाळच्या गाडीनं मी तुला न्यायला येते. जाण्याचं एक तिकीट काढलंय, परतीची दोन. बाबांना आज चहा देताना सांगणार आहे. काय म्हणतील ठाऊक नाही. हो म्हणाले तर आपण घरी येऊ, नाही म्हणाले तरी घरीच येऊ. तू फक्त दार उघड.

तुझीच, वाटेकडे लागलेली,
आई