दादा, तुझं हे नाजूक पिस्तूल

ती. व्हर्जिलदादास,

डोरिनचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल लावतोस, की बाटली उशाशी ठेवून नुसतीच बरं वाटायची वाट बघतोस? मार्जोरीवहिनींनाही नमस्कार सांग. त्यांनी पाठवलेला पीचचा मुरंबा संपला. बरणी धुऊन ठेवली आहे, कोणी येणार असेल तर परत देईन म्हणते. इकडे मी ठीक आहे. म्हणजे उजव्या हाताची तर्जनी सुजली आहे, अंगठ्याच्या बेचक्यात फोड आला आहे, डफी कुत्रा मला बघून तोंड फिरवतो आणि गुरांच्या पाण्याच्या टाकीला लाकडी बूच मारलेलं आहे. बाकी सगळं क्षेम. या चारही गोष्टींचं मूळ तू नाताळात लाल फीत बांधून पाठवलेल्या खोक्यात होतं, हे तुला कळावं म्हणून हा पत्रप्रपंच.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तुझ्या घरी टर्की कापता कापता तू काय बोललास ते मी विसरलेले नाही. माझा लेस्टर देवाघरी जाऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. आणि तू सुरी रोखून सगळ्यांसमोर म्हणालास, चाळीस एकरांत एकटी बाई, शेजारी पाऊण मैलावर, विकून टाक ते घर आणि टल्साला आमच्या मागच्या खोलीत येऊन राहा. (त्या खोलीत तुझं व्यायामाचं यंत्र आहे. तू ते वापरत नाहीस आणि हलवतही नाहीस. मी झोपणार कुठे, त्याच्यावर?) मी नाही म्हटलं. मग तू पैज लावलीस. ईस्टरपर्यंत सात पावलांवरून केकच्या पत्र्याच्या थाळीत पाचांपैकी पाच गोळ्या मारून दाखव, पुन्हा घराचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर मुकाट्याने सही करायची. मी रागाच्या भरात कबूल म्हणून बसले. रागात मी काहीही कबूल करते. लेस्टरलासुद्धा तशीच हो म्हणाले होते.

आणि मग नाताळात तुझ्या त्या घरं विकणाऱ्या मित्राच्या हाती तुझं ते खोकं आलं. चिठ्ठीत तू लिहिलं होतंस, 'खास बायकांच्या हातासाठी, छोटं नि हलकं.' छोटं आहे, नाही कसं म्हणू? नळी माझ्या करंगळीएवढी. हलकं तर इतकं, की आधी मला वाटलं तू नमुन्याचं पाठवलंस आणि खरं मागून येणार आहे. पाच गोळ्यांचं चक्र, मुठीला फिकट जांभळं रबर. (जांभळं का, दादा? चोर रंग बघून परत जाणार आहे का?) काडतुसं आणायला दुकानात गेले तर काउंटरपलीकडच्या तिघांनीही एकामागून एक तेच सांगितलं, 'वा, बाईमाणसासाठी अगदी योग्य!' एवढं एकमत मी आमच्या चर्चच्या सभेत तीस वर्षांत पाहिलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी थाळी कुंपणाच्या खांबाला खिळ्याने ठोकली, सात पावलं मोजली आणि चाप ओढला. ओढला म्हणजे ओढायला लागले. तो मागे येईना. विहिरीतून भरलेली बादली एका बोटाने ओढावी तसा तो चाप! ओढता ओढता माझा जबडासुद्धा आवळला गेला. मग एकदाची गोळी सुटली आणि कोणीतरी तळहातावर फळी मारावी तसा दणका बसला. चष्मा नाकावरून घसरून हनुवटीवर आला. डफी पोर्चखाली शिरला, तो दोन दिवस बाहेर आला नाही. पाचही गोळ्या झाडल्या. थाळीवर ओरखडा नाही. चौथी खाली डावीकडे जाऊन गुरांच्या टाकीत शिरली आणि पाण्याची बारीक धार थेट माझ्या बुटावर पडायला लागली. आवाज ऐकून शेजारचा एमस धावत आला. थाळीकडे बघितलं, टाकीकडे बघितलं आणि मला अगदी गंभीरपणे म्हणाला, "डोरिनबाई, टाकीने तुमचं काय वाकडं केलं होतं?" असा संताप आला, की पुढच्या गोळीला नेम चुकला नसता. पण गोळ्या संपल्या होत्या, एमसचं नशीब.

बरं, हे ठेवायचं कुठे? पर्समध्ये ठेवलं तर बुधवारच्या चर्चच्या जेवणात पर्स टेबलावर ठेवताच ठण्ण आवाज झाला, आणि पाद्रीबाबा भर प्रार्थनेत थांबून माझ्याकडे बघायला लागले. उशीखाली ठेवलं तर मला झोप येईना. शेवटी मक्याच्या पिठाच्या डब्यात ठेवलं, कारण चोर काही मक्याची पोळी थापायला येत नाही. अक्कल माझी! कागदात गुंडाळायचं विसरले. आठ दिवसांनी काढलं तर चक्र फिरेना, चाप हलेना, आणि झटकलं की पीठ गळतंय. तरी त्या पिठाची पोळी केली. टाकून देऊ का? (तेलाचा वास येत होता. डफीने खाल्ली नाही.)

तेव्हा नाइलाजाने ते घेऊन हर्शेलकडे गेले. आपला हर्शेल, शेरिफच्या कचेरीतून निवृत्त झालेला. तो आता पिस्तुलाच्या परवान्याचा वर्ग घेतो. पिस्तूल उघडून त्याने टूथब्रशने पीठ झाडलं. हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, शनिवारी वर्गाला या. गेले. वर्गात आम्ही सात बायका. टेबलावर सात पिस्तुलं मांडली, त्यांतली पाच अगदी हेच, छोटं, हलकं, आणि दोघींच्या मुठी तर जांभळ्याच! हर्शेलने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि विचारलं, "या पाचांतलं स्वतः निवडलेलं कोणाचं आहे?" एकही हात वर नाही. एकीला नवऱ्याने दिलेलं, दोघींना मुलांनी, एकीला जावयाने आणि मला तू. हर्शेल म्हणाला, "बायांनो, सांगायला वाईट वाटतं, पण नेम धरायला सगळ्यांत कठीण पिस्तूल हेच. हलकं म्हणून दणका जास्त, नळी आखूड म्हणून नेम चुकतो, चाप जड म्हणून हात हलतो. हे मुरलेल्या माणसाने खिशात ठेवायचं. नवशिक्याला देणारा माणूस एकतर काही जाणत नाही, नाहीतर त्याचं तुमच्याशी भांडण आहे." यातलं तुझं कुठलं, ते तूच ठरव.

मग त्याने आपलं जुनं, पोलादी, वीतभर नळीचं पिस्तूल माझ्या हातात दिलं. दादा, ते वजन तळहातावर पडलं आणि मला एकदम आपल्या लहानपणच्या ओढ्याकाठी उभं असल्यासारखं वाटलं. बाबांचं पिस्तूल असंच होतं. सहा गोळ्या झाडल्या. सहाही बशीएवढ्या जागेत. बाकीच्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हर्शेलने विचारलं, कोणी शिकवलं? मी बाबांचं नाव सांगितलं. हे मात्र सांगितलं नाही, की तू प्रत्येक गोळीला डोळे मिटायचास, आणि शेवटी बाबाच म्हणाले होते, "डोरिन, तू धर. व्हर्जिल, तू डबे मांड." डबे तू फार छान मांडायचास.

हर्शेलने एक गृहपाठही दिला. रिकाम्या पिस्तुलाच्या नळीवर नाणं ठेवायचं आणि ते न पाडता चाप ओढायचा. रोज शंभर वेळा. जानेवारी-फेब्रुवारी मी लेस्टरच्या खुर्चीत बसून, टीव्हीवर हवामान बघत, जांभळी मूठ धरून बोटाला सूज चढवत हेच केलं. नाणं खुर्चीखाली गडगडतं, मी रांगत जाऊन काढते, डफी बघत बसतो. बोट इतकं दुखायचं, की पेकनची टरफलं सोलता येईनात. फेब्रुवारी संपेपर्यंत ती थाळी तशीच होती, गुळगुळीत, माझं तोंड दिसेल अशी. ईस्टर जवळ आला, तुझा तो घरं विकणारा मित्र दोनदा 'सहजच' येऊन गेला आणि दुसऱ्या खेपेला तर पोर्चची लांबी मोजून गेला. मी त्याला कॉफी दिली. साखर विचारली नाही.

असं सगळं आहे. देवाने भाऊ दिला तो डोळे मिटून, आणि त्या भावाने पिस्तूल निवडलं तेही डोळे मिटूनच. कंबर सांभाळ.

तुझी धाकटी बहीण,
डोरिन

ता. क. : बाबांचं पिस्तूल तुझ्या कपाटात वरच्या खणात, टोप्यांच्या मागे, मोज्यात गुंडाळून ठेवलेलं आहे. (वहिनींनी सांगितलं. त्यांना बोलू नकोस.) बाबा गेल्यावर 'बाईच्या हाताला पेलणार नाही' म्हणून तू घेऊन गेलास आणि मी गप्प बसले. आता मला ते हवं आहे. पोस्टात चौकशी केली. तिथली बाई म्हणाली, असली वस्तू आमच्याकडून पाठवता येत नाही, कायद्यात बसत नाही. तेव्हा तुला स्वतःच घेऊन यावं लागेल, त्या मित्राच्या हाती नको. लेस्टरला पुरल्यापासून तू या घरात पाऊल ठेवलेलं नाहीस. चोराची मला भीती वाटत नाही, दादा. सकाळी सवयीने दोन कप काढते आणि एक परत ठेवते, त्याची वाटते.

ता. क. २ : या पत्राबरोबरच्या पार्सलात वर्तमानपत्रात गुंडाळलेली थाळी आहे. परवा मंगळवारी, सात पावलांवरून, तुझ्याच जांभळ्या पिस्तुलाने. एमसने पावलं मोजली, त्याची सही मागे आहे. घर विकायचं नाही.

ता. क. ३ : तू भोकं मोजशील आणि सहा भरतील. पाच गोळ्यांच्या पिस्तुलातून सहा भोकं कशी, असं ओरडायला लगेच फोन उचलशील. वरचं खिळ्याचं आहे. तरी फोन कर.